पाऊस एकच, आकडे तीन : घरच्या हवामान नोंदी वेधशाळेशी जुळत नाहीत तेव्हा

दर पावसाळ्यात पहिला दणदणीत पाऊस झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला एक फोन येतो. माणूस बदलतो, तक्रार तीच असते. गेल्या वर्षी इथल्याच, बडोद्याच्या कारेलीबागेतून मेव्हण्याचा आला. "भावोजी, तुमच्या नादाने हे हवामानाचं यंत्र घेतलं खरं, पण ते धडधडीत खोटं बोलतंय. पेपरात पावणेतीन इंच, वेधशाळेचं सव्वातीन, आणि माझं म्हणतंय दीड!"

म्हटलं, "हात लावू नकोस, संध्याकाळी येतो."

"हात लावून झालाय," तो म्हणाला. "खालचे स्क्रू दोन-दोन आटे फिरवले. आता जरा जास्त दाखवेल."

तीस वर्षं मी खतांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात काढली. नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायचो, की रीडिंग पटत नाही म्हणून स्क्रूला हात घालायचा नाही. ज्याच्याशी ताडून बघतोयस तो आकडा कशाचा आहे ते आधी विचार. मेव्हण्याचं यंत्र त्या दिवसापर्यंत अगदी बरोबर होतं. स्क्रू फिरवल्यावर ते चुकायला लागलं. पेपर, वेधशाळा आणि यंत्र, तिन्ही खरं बोलत होती. फक्त तिघांचा 'दिवस' वेगवेगळ्या वेळी संपत होता.

माझा तपासायचा क्रम म्हणून ठरलेला आहे: आधी दिवस, मग जागा, आणि सगळ्यात शेवटी यंत्र. बहुतेक प्रकरणं पहिल्या पायरीवरच मिटतात, त्यामुळे तिथे जरा सविस्तर लिहितो.

तुमचा दिवस कधी संपतो?

घरच्या डिजिटल हवामान-यंत्राचा, म्हणजे स्टेशनचा, दिवस मध्यरात्री संपतो. बारा वाजले की आकडा शून्यावर.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो. आदल्या सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंत जे पडलं ते आज मोजलं जातं आणि आजच्या तारखेच्या नावावर लिहिलं जातं. म्हणजे काल दुपारी चारला धो धो कोसळलेला पाऊस आजचा. ही गोष्ट कळली नाही की माणूस आयुष्यभर वेधशाळेच्या नावाने बोटं मोडतो. साडेआठच का, तर जगभरच्या वेधशाळा जागतिक प्रमाणवेळेनुसार एकाच क्षणी नोंद घेतात, दर तीन तासांनी. आपलं घड्याळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तिथले पहाटेचे ३ म्हणजे आपले सकाळचे ८.३०.

आणि तिसरा दिवस खास आपल्या गुजरातचा. गांधीनगरच्या राज्य आपत्कालीन नियंत्रण केंद्राकडून तालुकावार पावसाचे आकडे येतात, ते सकाळी सहा ते सहा. इथले पेपर बहुधा तेच छापतात, तेही इंचांत. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला हा प्रकार माहीत नसतो. तो मिलिमीटर शोधत बसतो.

आता मेव्हण्याचं प्रकरण घ्या. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल करतो. सोमवारी संध्याकाळी सातला पाऊस सुरू झाला, मंगळवारी सकाळी दहाला थांबला. मध्यरात्रीपर्यंत ४० मिमी, बारा ते सहा ३० मिमी, सहा ते साडेआठ १२ मिमी, त्यानंतर दहापर्यंत ६ मिमी. एकूण ८८.

घरचं यंत्र म्हणणार: सोमवार ४०, मंगळवार ४८. सहा ते सहाच्या हिशोबात मंगळवारी सकाळपर्यंत ७०, पुढच्या दिवशी १८. वेधशाळेच्या यादीत मंगळवार ८२, बुधवार ६. कोणतीही जोडी घ्या, बेरीज ८८ च. इंचांत करून बघा: दीड, पावणेतीन, सव्वातीन. मेव्हण्याने फोनवर सांगितलेले तेच तीन आकडे.

यातून गमतीही होतात. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ मिमी आणि त्यावर म्हणजे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. वरच्या उदाहरणात वेधशाळेच्या वहीत मंगळवार 'मुसळधार' ठरतो, आणि प्रत्यक्षात मंगळवारी दुपारी लोक कपडे वाळत घालत होते. घरच्या वहीत एकही दिवस मुसळधार नाही. पुढे बघा: २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तर तो 'पावसाचा दिवस' धरतात. त्या हिशोबाने बुधवार पावसाचा दिवस, जरी बुधवारी एक थेंबही पडला नसला तरी.

हाच धागा महिन्याच्या बेरजेत येतो. ३१ जुलै २०१९ बडोद्यात कोण विसरेल? चोवीस तासांत ४९९ मिमी, जवळजवळ वीस इंच, आणि रस्त्यांवर मगरी. त्या बुधवारी दुपार-संध्याकाळचा तडाखा मोठा होता. साडेआठच्या नियमाने तो पाऊस १ ऑगस्टच्या ओळीत जाऊन बसतो. जुलैच्या रकान्यात तो शोधणारा माणूस हमखास म्हणतो की रेकॉर्ड गाळलं. मोसमाच्या कडेलाही तेच. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा हिशोब १ जून ते ३० सप्टेंबर. ३१ मेच्या दुपारचा वळीव १ जूनला नोंदला जातो, म्हणून मोसमात धरला जातो. ३० सप्टेंबरच्या संध्याकाळची सर १ ऑक्टोबरची ठरून मोसमाबाहेर पडते.

आता सगळ्यात फसवा बिघाड. बऱ्याच स्वस्त स्टेशनांचं, किंवा ज्या सर्व्हरवर ती आकडे पाठवतात त्याचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर सोडलेलं असतं. तिथला दिवस आपल्या पहाटे साडेपाचला संपतो. आणि पेपरातला दिवस सहाला! म्हणजे चुकीच्या घड्याळाचं यंत्र पेपराशी छान जुळतं आणि बरोबर घड्याळाचं जुळत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दोन वर्षं अशा यंत्राची तारीफ केली. उन्हाळ्यात त्यांचं कमाल तापमान सकाळी साडेनऊला दिसायला लागलं तेव्हा शंका आली. दुपारचे तीन म्हणजे तिथले साडेनऊ. तुमच्याकडे तपासायचं असेल तर हेच बघा: निरभ्र दिवशी कमाल तापमान किती वाजता लागतं? दुपारी दोन ते चारच्या दरम्यान नसेल तर घड्याळ तपासा.

उपाय सांगतो. स्टेशनच्या सेटिंगमध्ये वेळ भारतीय करा. नोंदीचा अंतराल एक तास असेल तर तो दहा किंवा पंधरा मिनिटांचा करा, कारण तासाच्या नोंदीत साडेआठ सापडत नाही, आठ आणि नऊच सापडतात. मग रोज साडेआठ ते साडेआठची बेरीज वेगळ्या रकान्यात लिहा. मध्यरात्रीचा आकडा हवा तर ठेवा, पण शेजारी लिहा की तो मध्यरात्रीचा आहे. साधा हातमोजणीचा पर्जन्यमापक असेल तर प्रश्नच मिटतो: रोज साडेआठला मोजायचं, ओतून द्यायचं, त्याच दिवसाची तारीख घालायची. आमच्याकडे ही वेळ चहाच्या दुसऱ्या कपाची आहे, त्यामुळे चुकत नाही.

दिवस जुळवल्यावरही आकडे वेगळे येतील. येऊ द्या. वेधशाळा हरणीला विमानतळावर, तुम्ही मांजलपूरला. गडगडाटी सर एका पेठेत पडते आणि दुसरीत पडत नाही. म्हणून एकेका दिवसाची तुलना करू नका, दहा-दहा दिवसांच्या बेरजा घ्या. कडेच्या दिवसांची ओढाताण त्यात विरघळून जाते. त्याहून चांगली कसोटी म्हणजे कमी दाबाच्या पट्ट्याचा सलग, सगळीकडे सारखा पडणारा पाऊस. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यासारखा, जेव्हा विश्वामित्री २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडून कितीतरी वर गेली होती. तशा पावसाच्या बेरजेतही तुमचा आकडा सातत्याने पंधरा-वीस टक्के कमी असेल, तर मग यंत्राकडे वळायला कारण आहे.

नदीचं नाव निघालं म्हणून सांगून ठेवतो. "आमच्याकडे तर फक्त इंचभर पडला, मग काळ्या घोड्याच्या पुलाखाली पाणी कसं चढतंय?" हा प्रश्न यंत्राचा नाही. विश्वामित्री पावागढच्या बाजूने येते, वाटेत आजवा सरोवराचं पाणी मिळतं. तिच्या पातळीवरून शहरातल्या पावसाचं माप काढू नका, आणि उलटही नको.

तापमान : सकाळच्या पेपरातली जोडी

पावसाइतका गोंधळ इथे नसतो, पण एक खाच आहे. सकाळच्या बातमीत 'कमाल ४१, किमान २७' असं असतं तेव्हा कमाल कालचं असतं आणि किमान आजचं. कमाल संध्याकाळी ५.३० ला वाचतात, किमान सकाळी ८.३० ला. घरचं यंत्र मध्यरात्र ते मध्यरात्र दोन्ही एकाच तारखेला देतं. साध्या दिवशी फरक पडत नाही. पावसाळ्यात मात्र दुपारच्या वादळी सरीने पारा खाली येतो आणि तुमचं 'किमान' दुपारी साडेचारला नोंदलं जातं. हिवाळ्यात संध्याकाळपासून गार वारा सुटला तर रात्री ११.५९ चं तापमान त्या दिवसाचं किमान ठरतं, आणि तीच थंडी पुढच्या दिवसाच्या किमानातही मोजली जाते. एक थंड रात्र, दोन दिवसांच्या खात्यात.

सरासरीचंही बघा. जुन्या पद्धतीत कमाल आणि किमान मिळवून दोनाने भागतात. घरचं यंत्र दिवसभरच्या सगळ्या नोंदींची सरासरी काढतं. दोन्ही बरोबर, पण एका रकान्यात मिसळू नका.

आणि मोबाईलवरच्या ॲपशी तुलना करणाऱ्यांना हात जोडून विनंती. ॲप दाखवतं तो आकडा बहुधा संगणकाच्या गणितातून नकाशावरच्या तुमच्या भागाच्या चौकोनासाठी काढलेला असतो. तिथे थर्मामीटर नसतो. 'फील्स लाइक' तर तापमानच नव्हे. त्यात दमटपणा आणि वारा कालवलेला असतो.

एवढं करूनही दुपारी तुमचा आकडा तीन-चार अंश जास्त येत असेल तर दोष जागेचा. वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या लाकडी, दुहेरी झडपांच्या पेटीत असतात. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपस्तंभ अभियंत्याने १८६४ मध्ये ती मांडली, अजून तिचंच नाव चालतं. जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, गवताळ मोकळ्या जागेत, दार उत्तरेला. आपली अगाशी म्हणजे याच्या बरोबर उलट: चायना मोझॅक चमकतोय, कठड्याची भिंत तापतेय, शेजारी पाण्याची काळी टाकी. पांढरा मोझॅक घर थंड ठेवतो हे खरं, पण उडवलेलं ऊन तो खालून सेन्सरवर फेकतो. स्टेशनबरोबर येणारी प्लॅस्टिकच्या थाळ्यांची पेटी वरचं ऊन अडवते, खालचं नाही.

मग काही जण शहाणपणा करून सेन्सर उत्तरेच्या बाल्कनीत लावतात, "तिथे कधीच ऊन येत नाही" म्हणून. डिसेंबरात येत नाही. पण बडोदा कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. आणि मेपासूनच सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीवर पडतं. सकाळी सात-आठला अचानक उसळी आणि नऊला पुन्हा खाली, असा आलेख मे-जूनमध्ये दिसला तर दुसरं कारण शोधत बसू नका.

जागा वाईट की यंत्र वाईट, हे ओळखायची माझी पद्धत अशी. पावसाळ्यातली ढगाळ, वाऱ्याची पहाट निवडायची. अशा वेळी ऊन नसतं, आणि वाऱ्यामुळे शहरभर हवा ढवळलेली असते. त्या वेळी विमानतळाच्या आकड्याशी तुमचा फरक अर्ध्या अंशाच्या आत असेल आणि दुपारी तीनला चार अंश असेल, तर सेन्सर ठणठणीत आहे, त्याला हलवा. पहाटेही दोन आणि दुपारीही दोनच फरक असेल, तर सेन्सरचं मापच सरकलेलं आहे. सेटिंगमध्ये तेवढं वजा करा. हिवाळ्यातली निरभ्र पहाट या कामाला घेऊ नका. मांडवी-रावपुऱ्याच्या दाटीत भिंती रात्रभर ऊब सोडत असतात, हरणीच्या मोकळ्या मैदानात नाही. तिथला दोन-तीन अंशांचा फरक खराच असतो.

आणि अगाशीवर ४६ आला म्हणून 'उष्णतेची लाट' जाहीर करू नका. मैदानी भागात कमाल किमानपक्षी ४० हवं आणि नेहमीपेक्षा ४.५ अंश वर हवं, नाहीतर सरळ ४५ हवं. तेही एका विभागातल्या दोन ठिकाणी, सलग दोन दिवस. एका कठड्यावरच्या सेन्सरला तो मान नाही.

आता यंत्राला हात लावा

पर्जन्यमापकाचं सगळ्यात साधं दुखणं म्हणजे मोजपात्र आणि नरसाळं यांची ताटातूट. आपल्याकडच्या फायबरच्या मापकांचं तोंड १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटरचं असतं. २०० च्या तोंडावर १ मिमी पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी, १०० च्या तोंडावर १० मिलिलिटर. मोजपात्र फुटलं की कोणीतरी कपाटातून दुसरं आणतं, आणि १०० चं पात्र २०० च्या मापकाला लागतं. त्या दिवसापासून पाऊस बरोबर दुप्पट. माझ्या भाचीच्या शाळेत एक अख्खा पावसाळा असाच गेला. मुलांनी तक्ता रंगवून लावलाही होता. तुमचा आकडा सतत दुप्पट किंवा सतत निम्मा असेल तर आधी पात्रावरचा छापील आकडा वाचा. पाच इंची तोंडाचा जुना सायमन्स मापक असेल तर त्याचं पात्र आणखी वेगळं. १ मिमीला साधारण १२.७ मिलिलिटर.

डिजिटल यंत्रात आत मुलांच्या सी-सॉसारखी दोन कप्प्यांची टिपिंग बकेट असते. एक कप्पा भरला की कलतो, एक टिचकी मोजली जाते. घरगुती यंत्रात एक टिचकी बहुधा ०.२ ते ०.३ मिमीची. तिची परीक्षा मेअखेरीस करायची, पावसात नाही. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास मोजा. १६ सेंटिमीटर असेल तर क्षेत्र २०० चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे ४०० मिलिलिटर पाणी बरोबर २० मिमी दाखवायला हवं, ०.२ च्या यंत्रात १०० टिचक्या. पाणी एकदम ओतू नका. बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडा आणि अर्धा-पाऊण तास ठिबकू द्या. घाईने ओतलं तर बकेट उलटेपर्यंत मधलं पाणी वाया जातं आणि आकडा कमी येतो. खऱ्या मुसळधार पावसात नेमकं हेच होतं, म्हणून ही यंत्रं मोठ्या सरीत कमी मोजतात. तो स्वभाव आहे, बिघाड नाही. मोठा पाऊस नीट हवा असेल तर शेजारी साधा हातमोजणीचा मापक ठेवा. ठिबक-परीक्षेत दोनदा-तीनदा तोच फरक आला तरच स्क्रू, आणि तोही एका वेळी पाव आटा. मेव्हण्याचं यंत्र मी असं चार वेळा ठिबकवून परत आणलं. त्याच्या बायकोने तेवढ्यात दोनदा भजी तळली, त्यामुळे तक्रार नाही.

पाऊस पडतोय आणि आकडा हलत नाही, किंवा पाऊस थांबून तासभर झाला तरी टिचक्या चालूच आहेत, तर नरसाळं तुंबलंय. कबुतरांची विष्ठा, लिंबाची पानं, कोळ्याचं जाळं, मुंग्यांची माती. कबुतरांसाठी कडेला तारेचे काटे लावा. वानरांसाठी उपाय मला सापडलेला नाही. ती मापक उचलून बघतात.

उलट, पाऊस नसताना ०.२ किंवा ०.४ दिसत असेल तर हिवाळ्यात दव, नाहीतर घरातलंच कोणी. आमच्याकडे कित्येक दिवस सकाळी सातला ठराविक ०.४ यायचा. सौभाग्यवती तुळशीला पाणी घालताना तांब्या झटकत असे. तुळस हलवता येत नाही, मापक हलवला.

जागेचे दोन नियम: आजूबाजूच्या झाडा-भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं, आणि मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. अगाशीच्या कठड्यावर बसवलेला मापक कमी पकडतो, कारण भिंतीला धडकून वर उसळलेला वारा थेंब तोंडावरून पुढे नेतो. अंगण नसेल तर निदान अगाशीच्या मध्यभागी ठेवा, कडेला नको.

वही

यंत्र सुधारलं तरी वही चुकू शकते. पाऊस नाही पडला: ०.०. थोडा शिंतोडा पडला पण मोजण्याइतका नाही: 'नाममात्र' लिहा. मोजलंच नाही: जागा मोकळी ठेवा, रेघ मारा. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नासाठी दोन दिवस पुण्याला गेलात आणि परतल्यावर मापकात ५४ मिमी सापडले, तर दोन्ही दिवसांना २७-२७ वाटू नका. शेवटच्या तारखेला ५४ लिहा आणि शेजारी 'दोन दिवसांचा एकत्र' अशी टीप द्या. संगणकावरच्या तयार फायलींत मोकळ्या जागी -९९९ किंवा ९९९९ असे आकडे भरलेले असतात. ते न काढता सरासरी घेतली की बडोद्यात हिमयुग येतं. दरवर्षी कॉलेजातलं कोणीतरी पोर प्रोजेक्टचा असा आलेख घेऊन येतं.

'सरासरीपेक्षा जास्त' हा शब्दही जपून. हवामान खात्याचं 'सामान्य' तापमान म्हणजे तीस वर्षांची सरासरी, सध्या १९९१ ते २०२० ची. तुमच्या वहीतल्या चार वर्षांची सरासरी ही तुमच्या चार वर्षांची सरासरी. तिच्याशी तुलना जरूर करा, पण तिला सामान्य म्हणू नका. मोसमी पावसात तर १९ टक्के वर-खालीपर्यंत 'सामान्य'च म्हणतात. शेतकी वेधशाळेच्या नोंदींशी ताडत असाल तर आणखी एक फेरा: तिथली सकाळी सातची नोंद स्थानिक सौरवेळेची असते. बडोद्याच्या रेखांशावर ती आपल्या घड्याळाने सुमारे ७.३७ ला पडते.

वायुभार आणि वारा, थोडक्यात

"दाब चार मिलिबार कमी दाखवतोय." बरोबर दाखवतोय. बातम्यांतला दाब समुद्रसपाटीवर आणलेला असतो; बडोदा समुद्रसपाटीपासून पस्तीस-चाळीस मीटर वर, आणि साधारण साडेआठ मीटरला एक मिलिबार उतरतो. चौथ्या मजल्यावर असाल तर आणखी दीडेक कमी. सेटिंगमध्ये उंची भरा.

"रोज दुपारी चारला दाब पडतो, पाऊस येणार का?" नाही. आपल्या अक्षांशांवर दाब रोज दोनदा चढतो-उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. आज चारचा दाब कालच्या चारच्या दाबाशी ताडा. तो सतत तीन-चार दिवस घसरत असेल तर मग छत्री शोधा.

वारा अगाशीवर कमीच दिसणार, कारण विमानतळावर तो मोकळ्यात दहा मीटर उंचीवर मोजतात. विमानतळाचा आकडा नॉटमध्ये असेल तर ताशी किलोमीटरसाठी १.८५ ने गुणा.

एका तक्रारीचं उत्तर मात्र मी न बघताच देतो. जानेवारीच्या मध्यापासून वारा शून्य, बाण एकाच दिशेला, बॅटरी बदलली तरी तेच. १४ तारखेला उत्तरायण, १५ ला वासी उत्तरायण. वाऱ्याच्या वाट्यांच्या दांड्याला मांजा गुंडाळलेला असतो. फिरवून ओढू नका, बेअरिंग खराब होतं. छोट्या कात्रीने दोन ठिकाणी कापा आणि चिमट्याने तुकडे काढा. हातमोजे घाला, काचेचा मांजा बोटं कापतो. माझ्या दांड्यावर यंदा तीन रंगांचा निघाला.